दुसरी प्रत

आमच्या बैठकीच्या खोलीत, वडिलांच्या काळी जेथे तंबोरा ठेवलेला असे त्या कोनाड्याजवळ, काचेच्या पेटीत एक लाकडी जहाज उभे आहे. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत ते तीन फूट दोन इंच भरते. येणारा पाहुणा दोन प्रश्न हमखास विचारतो. हे तुम्ही स्वतः केलेत काय, हा पहिला. आणि समुद्रापासून इतक्या दूर माळव्यात बसून जहाज कशासाठी, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला होकार देऊन आम्ही मोकळे होतो. दुसऱ्याचे उत्तर चहाच्या एका पेल्यात आटोपण्याजोगे नाही, म्हणून ते येथे लिहीत आहोत.

आमच्या निवृत्तीच्या वर्षी अमेरिकेतील चिरंजीवांनी एक जड खोके पाठवले. 'कॉन्स्टिट्यूशन' या जुन्या अमेरिकन युद्धनौकेची प्रतिकृती जुळवण्याचा तो संच होता. आत पातळ प्लायवूडचे कापीव तुकडे, हलक्या पांढऱ्या लाकडाच्या व अक्रोडाच्या बारीक पट्ट्या, करंगळीच्या पेराएवढ्या पितळी तोफा, मुगाएवढ्या कप्प्या, तीन-चार जाडींचे दोरे आणि रेखाटनांचे आठ मोठे ताव एवढे साहित्य निघाले. परिमाण होते शहाण्णवास एक, म्हणजे एका फुटास एक सूत. इंचाचे आठ सूत मोजणाऱ्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रींना ते सांगताक्षणी समजले. आम्हांस मात्र शासकीय सेवेचा बहुतेक काळ भू-अभिलेखांत आणि गावनकाशांत गेला असूनही ते अंगवळणी पडण्यास महिना लागला. शेताचा नकाशा सपाट असतो. जहाजास सपाट अशी जागाच नसते.

असे जहाज बांधण्याची रीत थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण पुढील इतिहासाची किल्ली तीतच आहे. प्रथम तळातील लांब कणा उभा करावयाचा. आपल्या किनाऱ्यावरील जुने कारागीर त्यालाच पठाण म्हणतात. पठाणावर आडव्या फळ्या बरगड्यांसारख्या बसवावयाच्या. या बरगड्या मध्यभागी रुंद व टोकांकडे निमुळत्या असतात, आणि प्रत्येकीची कड जहाजाच्या वळणाप्रमाणे तिरपी तासावी लागते. मग त्यांवर पट्ट्या चढवावयाच्या. जहाजाचे पोट मोठे आणि नाळेकडचा भाग लहान, त्यामुळे प्रत्येक पट्टी पुढच्या टोकाकडे हळूहळू अरुंद करीत न्यावी लागते. आम्ही पहिल्या चार पट्ट्या आहे त्याच रुंदीने, कोरड्याच चिकटवल्या. पाचवी नाळेपाशी पोहोचली तेव्हा ती उलटून उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो तिसरी मधोमध तडकलेली. मिस्त्री पाहावयास आले. ते म्हणाले, "साहेब, लाकूड हुकमाने वाकत नाही. त्याला भिजू द्या, ऊब द्या, मग ते आपणहून येईल." चारही पट्ट्या उखडून आम्ही पुन्हा आरंभ केला. नुसत्या बाह्यांगास एक हिवाळा आणि एक उन्हाळा लागला.

पुढील पावसाळ्यात खरा घात झाला. जुलै महिन्यातील एका रात्री खिडकी उघडी राहिली आणि टेबलावर पसरलेला सहावा ताव, ज्यावर डोलकाठ्या व दोरखंडांची सारी मांडणी होती, तो भिजून शाईचा डाग झाला. आम्ही त्याची प्रत काढून ठेवली नव्हती. मूळ नकाशावर काम करू नये, आधी प्रत काढावी, हे आम्ही नोकरीत किती पटवाऱ्यांना किती वेळा बजावले असेल, त्याची गणती नाही. सौभाग्यवतींनी त्याची आठवण करून दिली नाही, एवढी त्यांची कृपा. चिरंजीवांनी विक्रेत्यास लिहिले. त्याच्या दप्तरी मूळ रेखाटन होते, आणि दोन महिन्यांनी नळकांड्यात गुंडाळलेला नवा ताव आला. मधल्या दोन महिन्यांत हाताला काम नव्हते. तेव्हा ज्या नौकेच्या दोऱ्या आपण ओढणार होतो, तिचे चरित्र वाचावयास घेतले. आणि त्या चरित्रात आम्हांस आमच्याच अपघाताची थोरली भावंडे भेटली. एका भिजलेल्या कागदावरून आम्ही हळहळत होतो, तर दोनशे वर्षांपूर्वी एका अख्ख्या युद्धनौकेची रेखाटने समुद्रात गेली होती, ती मुंबईला यावयाची होती, आणि ती घालवणारी नौका हीच, आमच्या टेबलावरची.

ती हकीकत अशी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेपोलियनशी दीर्घ युद्ध करता करता इंग्लंडातील ओकची जंगले अपुरी पडू लागली. एका मोठ्या युद्धनौकेस हजारो झाडे लागत आणि ओक वाढण्यास शंभर वर्षे. तेव्हा ब्रिटिश नौदलाची दृष्टी मुंबईकडे वळली. सुरतेहून १७३६ साली मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने तेथील गोदी नावारूपास आणली होती. आशियातील पहिली कोरडी गोदी १७५० साली तेथेच झाली. मलबारचे सागवान हे या गोदीचे मोठे बळ. सागाच्या अंगी तेल असते. तो पाण्यात लवकर कुजत नाही, आणि ओकप्रमाणे आतील लोखंडी खिळे खात नाही. लवजींचे वंशज जमशेटजी बमनजी यांनी बांधलेली 'मिंडन' ही नौका १८१० साली पाण्यात उतरली. ब्रिटिश नौदलासाठी ब्रिटनबाहेर बांधलेली ती लढाऊ रांगेतील पहिली नौका. तिच्या मागोमाग १८१३ साली 'कॉर्नवॉलिस' झाली. पुढे १८४२ साली चीनशी नानकिंगचा तह झाला तो याच मुंबईकर नौकेच्या अंगावर.

१८१२ च्या ऑक्टोबरात नौदलाने मुंबईस आणखी एक नौका सांगितली. तिचे नाव 'ट्रिंकोमाली', सिंहलद्वीपातील बंदरावरून ठेवलेले. ही फ्रिगेट जातीची, म्हणजे एका मुख्य तोफमजल्याची, वेगवान व दूरवर फिरणारी नौका. तिचा आराखडा 'लीडा' या नौकेचा होता, आणि 'लीडा'चा आराखडा मुळात इंग्रजी नव्हताच. १७८२ साली इंग्रजांनी 'हेबे' नावाची फ्रेंच नौका पकडली, तिची चाल पाहून ते थक्क झाले, त्यांनी तिची बारकाईने मोजणी केली आणि त्या मोजणीवरून आपल्या नौका बांधल्या. 'हेबे'च्या फ्रेंच आराखडाकाराचे नाव जाक-नोएल साने. हे आडनाव वाचून आम्ही क्षणभर चमकलो, हे कबूल करतो. परंतु कोकणातील सान्यांशी त्याचा काही संबंध नाही.

येथे रेखाटनांविषयी थोडे सांगावयास हवे. जहाजाचा आकार शब्दांनी सांगता येत नाही. नौदलाच्या आराखड्यात तीन चित्रे असत. एकात जहाज बाजूने दिसे, दुसऱ्यात वरून अर्धी रुंदी दिसे, तिसऱ्यात समोरून व मागून बरगड्यांची वळणे एकात एक दिसत. बहुधा हे आराखडे एका फुटास दोन सूत या परिमाणाने काढीत, म्हणजे आमच्या संचाच्या नेमके दुप्पट. गोदीतील प्रशस्त जमिनीवर ती वळणे पूर्ण आकारात खडूने आखून, त्यांवरून पातळ फळीचे साचे कापून, त्या साच्यांबरहुकूम लाकूड तासले जाई. साने यांनी फ्रान्समध्ये कल्पिलेले वळण मुंबईच्या सुताराच्या तासणीखाली उतरावयाचे, तर त्याला कागदाखेरीज दुसरी वाट नव्हती. आमच्या पाचव्या पट्टीने जे शिकवले ते हेच, की वळण डोळ्यांनी पाहिले तरी मोजमापाशिवाय हाती येत नाही.

तर 'ट्रिंकोमाली'चे आराखडे मुंबईस निघाले ते 'जावा' या नौकेतून. ही 'जावा' स्वतः पूर्वाश्रमीची फ्रेंच 'रेनोमे'. इंग्रजांनी १८११ साली मादागास्करच्या किनाऱ्यावर ती जिंकून नवे नाव दिले होते. १८१२ च्या नोव्हेंबरात तिने इंग्लंड सोडले. तिच्यावर मुंबईत बांधल्या जाणाऱ्या जहाजांच्या तळास मढवण्यासाठी तांबे होते, पूर्वेकडील ठाण्यांसाठी खलिते होते, आणि मुंबई इलाख्यात वरिष्ठ पदावर नेमणूक झालेले लेफ्टनंट जनरल टॉमस हिस्लॉप होते. त्या काळी हिंदुस्थानकडे येणारी शिडाची जहाजे व्यापारी वारे साधण्यासाठी अटलांटिक ओलांडून ब्राझीलच्या बाजूस झुकत आणि तेथून केप ऑफ गुड होपकडे वळत. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले होते. ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ, साल्वाडोर बंदरापासून काही अंतरावर, २९ डिसेंबर १८१२ रोजी 'जावा'ची गाठ पडली ती 'कॉन्स्टिट्यूशन'शी.

'कॉन्स्टिट्यूशन' १७९७ साली बॉस्टन येथे पाण्यात उतरली होती. आराखडा जोशुआ हम्फ्रीज यांचा. तिच्या बरगड्या अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील अत्यंत घट्ट अशा सदाहरित ओकच्या, एकमेकींस लागून बसवलेल्या. आतून-बाहेरून पांढऱ्या ओकच्या जाड फळ्या. 'जावा'च्या आधी चार महिने तिने 'गेरिएर' ही ब्रिटिश नौका मोडली होती, आणि शत्रूचे गोळे तिच्या अंगावरून परत उडताना पाहून खलाशांनी तिला 'लोखंडी कुशीची' असे नाव दिले होते. 'जावा' वेगाने सरस होती. आरंभी तिने 'कॉन्स्टिट्यूशन'चे सुकाणूचे चक्रच उडवले. कप्तान बेनब्रिज दोनदा जखमी झाला. परंतु तोफांच्या वजनात आणि लाकडाच्या जाडीत 'जावा' कमी पडली. एकेक करून तिच्या डोलकाठ्या कोसळल्या, कप्तान लॅम्बर्ट प्राणांतिक जखमी झाला आणि तिने निशाण उतरवले. नौका इतकी खिळखिळी झाली होती की ती स्वदेशी नेणे अशक्य दिसल्यावर अमेरिकनांनी तिला आग लावली. तांबे गेले, खलिते गेले, आणि त्यांच्याबरोबर 'ट्रिंकोमाली'चे आराखडेही गेले.

वाचकहो, येथे आम्ही पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. अपघात मोठा, नौकेची किंमत मोठी, माणसांचे प्राण तर अमोल. तरीसुद्धा 'ट्रिंकोमाली' मेली नाही. लंडनच्या नौदल कचेरीत मूळ आराखडे फडताळात होते. कोण्या कारकुनाने ते काढले असतील, कोण्या नक्कलनविसाने पुन्हा त्यांची प्रत केली असेल. त्यांची नावे इतिहासात नाहीत. पण दुसरी प्रत निघाली आणि मुंबईस पोहोचली. १८१६ साली गोदीत पठाण घातला गेला. वाडियांच्या रिवाजाप्रमाणे त्यात रुप्याचा खिळा ठोकण्याचा मुहूर्त झाला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी 'ट्रिंकोमाली' पाण्यात उतरली. सुमारे तेवीस हजार पौंड खर्च, दीडशे फूट लांब तोफमजला, सेहेचाळीस तोफा.

आता त्या नौकेवरचे दुसरे प्रवासी, जनरल हिस्लॉप, यांच्याकडे वळू. माळव्यातील वाचकांस हे नाव कोठेतरी ऐकल्यासारखे वाटले असेल. युद्धकैदी म्हणून शब्दावर त्यांची सुटका झाली, ते इंग्लंडास परतले, आणि पुढे मद्रासचे सेनापती म्हणून हिंदुस्थानात आले. १८१७ च्या अखेरीस दख्खनच्या फौजेचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. उज्जैनच्या पुढे क्षिप्रेकाठी महिदपूर येथे २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकरांच्या फौजेचा पराभव झाला, तो याच हिस्लॉपच्या सैन्याकडून. दुसरे मल्हारराव तेव्हा केवळ अकरा-बारा वर्षांचे होते. तुळसाबाईंचा वध आदल्याच दिवशी त्यांच्याच छावणीतील सरदारांनी केला होता. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला, होळकरांचा मोठा मुलूख गेला, आणि इंदूर राजधानी झाली. आमच्यापैकी कित्येकांची घराणी या शहरात स्थिर झाली ती त्यानंतरच्या व्यवस्थेत. पुढे थाळनेरच्या किल्लेदारास फाशी दिल्याबद्दल याच हिस्लॉपवर ब्रिटिश पार्लमेंटातही टीका झाली, ही गोष्ट निराळी.

म्हणजे ब्राझीलच्या समुद्रात एकाच नौकेवर एक आराखडा आणि एक सेनापती पकडले गेले. दोघांचीही पहिली खेप फसली. दोघेही दुसऱ्या खेपेस हिंदुस्थानात पोहोचले, आणि १८१७ च्या शरदात व हेमंतात, अडीच महिन्यांच्या आत, एकाचे जहाज मुंबईत पाण्यात उतरले आणि दुसऱ्याच्या तोफा क्षिप्रेकाठी धडाडल्या. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव शोधण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु बैठकीच्या खोलीत मांडलेल्या परदेशी जहाजाच्या दोरीचे एक टोक महिदपुरापर्यंत येऊन पोहोचावे, याचे आश्चर्य मात्र अजून ओसरलेले नाही. पाहुण्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे.

उरलेले अर्धे त्या दोन नौकांच्या उत्तरायुष्यात आहे. 'ट्रिंकोमाली' इंग्लंडास पोहोचेतो युद्ध संपले होते, त्यामुळे कित्येक वर्षे ती बंदरातच उभी राहिली. १८४५ नंतर डागडुजी करून, तोफा कमी करून ती कामास लावली गेली आणि १८५७ पर्यंत अटलांटिक व पॅसिफिक महासागरांत हिंडली. पुढे ती शिक्षणनौका झाली. 'फूद्रॉयान्त' असे परके नाव धारण करून तिने विसाव्या शतकात दीर्घकाळ मुलांना दर्यावर्दी शिक्षण दिले. १९८७ साली तिला ईशान्य इंग्लंडातील हार्टलपूल येथे आणले, १९९० पासून अकरा वर्षे तिचा जीर्णोद्धार चालला, आणि १९९२ साली तिला आपले मूळ नाव परत मिळाले. तिच्या अंगचे मलबारी सागवान मोठ्या प्रमाणात अजून शाबूत आहे. पाण्यावर तरंगत असलेली ती ब्रिटनची सर्वांत जुनी युद्धनौका. नेल्सनची 'व्हिक्टरी' वयाने वडील खरी, पण ती कोरड्या गोदीत आहे.

'कॉन्स्टिट्यूशन'ची गोष्ट याहून रंजक. १८३० साली ती मोडीत निघणार अशी वार्ता आली, तेव्हा ऑलिव्हर वेंडेल होम्स या तरुण कवीची कविता बॉस्टनच्या वृत्तपत्रात छापून आली आणि देशभर हळहळ पसरून नौका वाचली. शंभर वर्षांनी ती पुन्हा कुजू लागली, तेव्हा १९२५ पासून अमेरिकेतील शाळकरी मुलांनी पैसा पैसा जमवून तिच्या दुरुस्तीस हातभार लावला. १९९७ साली, दोनशेव्या वर्षी, ती आपल्या शिडांच्या बळावर पुन्हा समुद्रात चालली. आजही ती बॉस्टनच्या बंदरात आहे, आणि अमेरिकन नौदलाच्या पटावरून तिचे नाव उतरलेले नाही.

या जुन्या नौकेच्या बाबतीत एक बारीकशी गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. 'गेरिएर'वरील विजयाच्या वेळी 'कॉन्स्टिट्यूशन'चा कप्तान आयझॅक हल होता. त्याच्यासाठी तिच्या खलाशांनी त्याच सुमारास तिची एक लाकडी प्रतिकृती केली. हलने ती सेलम गावातील ईस्ट इंडिया मरीन सोसायटीस दिली. ही संस्था हिंदुस्थान व पूर्वेकडील समुद्रांत व्यापार केलेल्या कप्तानांची. ती प्रतिकृती आज तेथील पीबडी एसेक्स संग्रहालयात आहे. खुद्द नौकेच्या फळ्या, डोलकाठ्या, दोर दोनशे वर्षांत कितीदा तरी बदलले. १८१२ साली ती कशी दिसत होती याचा शोध घेणारा अभ्यासक मात्र आजही त्या खलाशांच्या हातकामाकडे वळतो. ज्यांनी ती केली त्यांनी ती प्रेमाने आणि अभिमानाने केली असेल. दोन शतकांनंतर ती पुरावा झाली.

म्हणजे हेच पाहा. ज्या नौकेने आराखडे बुडवले ती बॉस्टनला तरंगते आहे, आणि बुडालेल्या आराखड्यांची नौका हार्टलपूलला तरंगते आहे. दोघींनाही माणसांच्या शौर्याने वाचवले असे म्हणण्याचा मोह होतो. शौर्य होतेच. पण त्यांना दोनशे वर्षे वाचवले ते कागदांनी, प्रतींनी, मोजमापांनी, आणि प्रत्येक पिढीत कोणीतरी ती जपून ठेवण्याचा कंटाळा केला नाही म्हणून.

आणि आपली जहाजे? कान्होजी आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतांनी पश्चिम किनारा एका काळी दणाणून सोडला होता. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने त्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, लांबीच्या मानाने रुंद, नाळेकडे निमुळती होत गेलेली, उथळ पाण्यात शिरणारी. गलबत तिच्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे, वारा पडला तरी चालणारे. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. त्या आगीत आपल्याच पेशव्यांचा हात होता, हे शल्य मराठी इतिहासाच्या वाचकास नवे नाही. परंतु आगीहून मोठे नुकसान आम्हांस आता दुसरेच वाटते. 'जावा' जळाली तरी तिच्यावरील आराखड्यांची मुळे लंडनात होती. गुराबेचा आराखडा बांधणाऱ्या सुताराच्या डोळ्यांत आणि मनगटात होता. आपल्याकडे बापाने लेकास, उस्तादाने शागिर्दास हाताला हात धरून शिकवण्याची परंपरा, आणि ती काही कमी प्रतीची विद्या नव्हे. तिच्याच जोरावर किनाऱ्यावरील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या सुबक होड्या बांधीत आले. पण ती विद्या माणसाबरोबर जाते. वाडियांच्या गोदीत हातचे कसब आणि कागदावरचे मोजमाप एकत्र आले, म्हणून तेथील एक नौका आजही पाहता येते. ऑर्मचे वर्णन वाचून गुराबेचे चित्र काढता येईल. तिची फळी न्‌ फळी तशीच बसवणे त्यावरून शक्य नाही.

हा दोष पूर्वजांच्या माथी मारून आम्ही सुटणार नाही, कारण आमच्या घरची गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. आजोबांच्या पेटीत मोडी कागदांचे दोन रुमाल होते. मूळ पुरुष दक्षिणेतून माळव्यात कधी आला, कोणाच्या पदरी राहिला, कोणत्या गावाचे काय उत्पन्न त्याला मिळाले, हे सारे त्यांत असल्याचे आजोबा सांगत. ते मोडी वाचीत. वडिलांना थोडेसे येई. आम्हांस अक्षरओळख नाही. आम्ही शाळेत असताना, १९७० च्या दशकात, जुन्या वाड्याची दुरुस्ती निघाली. रुमालांना वाळवी लागलेली होती. घरच्या मोठ्यांनी विचार केला, की पूर्वजांचे अक्षर रद्दीत घालणे बरे नव्हे. महेश्वरला गेले असता त्यांनी ते दोन्ही रुमाल हळदकुंकू वाहून नर्मदेत सोडले. आम्ही घाटावर उभे होतो. कापडाच्या गाठी थोडा वेळ तरंगल्या आणि दिसेनाशा झाल्या. तेव्हा तो प्रसंग आम्हांस मंगल वाटला होता. त्यांच्या भावनेस आजही आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु अटलांटिकात गेलेल्या कागदांची दुसरी प्रत होती. नर्मदेत सोडलेल्यांची नव्हती. आमच्या घराण्याच्या पहिल्या शंभर वर्षांविषयी आता आम्हांस एवढेच ठाऊक आहे, जेवढे आजोबा ओसरीवर बसून सांगत आणि आम्ही अर्धवट कानाने ऐकत असू.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव, घरोघर हिंडून असे रुमाल सोडवीत; १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी छापला. त्यांच्या वाट्यास माळवा, बुंदेलखंड, गुजरात, तेलंगण, कर्नाटक येथील सारी घरे येणे शक्यच नव्हते. महाराष्ट्राबाहेर दोन-अडीचशे वर्षे राहिलेल्या आपल्या मंडळींच्या पेट्यांत, देवघरांच्या मागे, माळ्यावरील ट्रंकांत अजून कागद आहेत. सनदा आहेत, वाटण्यांचे कागद आहेत, लग्नाच्या याद्या आहेत, सावकारीच्या वह्या आहेत. 'यात काय आहे' असे म्हणून आपण त्या बाजूस सारतो. पण यात काय आहे, हे आज आपण ठरवू नये. त्या खलाशांना तरी कोठे ठाऊक होते, की आपण पुरावा घडवीत आहोत?

नवा ताव हाती आल्यावर आम्ही पहिली गोष्ट केली ती त्याच्या दोन प्रती काढण्याची. एक टेबलावर, एक कपाटात, आणि मूळ ताव चिरंजीवांच्या खोलीत वर. त्यानंतर दोऱ्या ओढण्यास आठ महिने लागले. जहाज पुरे झाले त्या आठवड्यात आमच्या आत्याबाईंच्या सासरी गेलो होतो. बोलता बोलता त्यांच्या थोरल्या दिरांनी एक जुना डबा पुढे केला. आत मोडीतील अकरा कागद निघाले. आम्हांस वाचता येत नाहीत, त्यांनाही येत नाहीत. पण दोन्ही बाजू, कडांवरील शिक्के, पाठीवरील शेरे यांसह प्रत्येकाचे छायाचित्र आम्ही घेतले. एक प्रत त्यांच्याकडे राहिली, एक आमच्याकडे आहे, आणि तिसरी पुण्यास भाचीकडे पाठवली. तिने मोडीच्या वर्गास नाव घातले आहे. परवा तिचा दूरध्वनी आला होता. पहिल्या कागदाच्या पहिल्या दोन ओळी तिला लागल्या आहेत. त्यांत एका विहिरीचा उल्लेख आहे.